आऊटमास्तरांनी जाड टायर का घेतला

सायकलचं चाक फिरताना डावी-उजवीकडे डुलायला लागलं की चाकाला आऊट आला म्हणतात. तो काढायचा म्हणजे एकेक तार कसायची, सैल करायची, चाक फिरवून बघायचं, पुन्हा कसायची. बघणाऱ्याला वाटतं, यात काय मोठंसं! करून बघा एकदा, मग बोला. आमच्या गोष्टीतल्या माणसाने हे चव्वेचाळीस वर्षं केलं, म्हणून त्यांचं नावच आऊटमास्तर पडलं. खरं नाव फक्त विजेच्या बिलावर उरलं.

मास्तरांच्या दुकानात दोन सायकली आणि एक माणूस मावतो. दुसरा आला तर पहिल्याने बाहेर उभं राहायचं. भिंतीवर अवजारांचे खिळे, आणि त्यांत एक खिळा खास निपलच्या चावीचा. तारेच्या टोकाची निपल फिरवायची ही एवढीशी चावी, पण तिला घरातल्या कुणी हात लावायचा नाही, असा कायदा. मुलगी सात वर्षांची असताना दुकानात बसून तारा मोजून द्यायची. एकदा तिने चावी उचलली, तर मास्तर म्हणाले, "हात काळे करायला मी आहे. तू शिक."

शिकली पोरगी. आता रक्त तपासणाऱ्या एका लॅबसाठी घरोघरी जाऊन नमुने घेते. म्हाताऱ्याकोताऱ्यांची बुडालेली शीर तिला पहिल्या टोचणीत सापडते. लोक म्हणायचे, बापाचाच हात घेतलाय हिने. मास्तरांची छाती फुगायची.

तर या मुलीने एक दिवस विषय काढला. फिरणं वाढलंय, चढ फार, संध्याकाळी पाय भरून येतात. "बाबा, माझ्या सायकललाच मोटर बसवून द्या ना."

दोन वर्षांपूर्वी मास्तरांनी हे काम हसत हसत घेतलं असतं. मोटर चाकाच्या मधोमध, हबमध्येच असते. त्या हबभोवती छत्तीस तारा विणायच्या, चाक बांधायचं, आऊट काढायचा. पण घोडं नेमकं तिथेच पेंड खात होतं. मास्तरांचा उजवा हात थरथरायला लागला होता. आधी नुसता अंगठा, मग मनगटापर्यंत. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी कमी होईल, जाणार मात्र नाही. हे फक्त बायकोला ठाऊक. मुलीला सांगायचं नाही म्हणून तिला शपथ घातलेली, कारण मागे गुडघा दुखला तेव्हाच मुलीने बजावून ठेवलं होतं, "आता आणखी काही निघालं ना, तर दुकान बंद. घरी बसायचं." घरी बसून मास्तर काय करणार, माशा मारणार? दुकान गेलं की मास्तर संपले, इतकी साधी गोष्ट होती. म्हणून मुलगी समोर आली की हात खिशात. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मुलीच्या सायकलचा ब्रेक रिमला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा. रिम आणि रबर यांच्यात तांदळाच्या दाण्याएवढी फट. चाक तेवढंही डुललं तरी घासणार, आणि जिचं बालपण चाकं बघण्यात गेलं तिला पहिल्या फेरीतच कळणार.

"तुझी सायकल नाही चालायची," मास्तर म्हणाले. "फ्रेम नाजूक आहे."

हे धादांत खोटं. आणि मग त्यांनी चार ठिकाणी फिरून एक जाड टायरची सायकल शोधून आणली. टायर चार बोटं रुंद. ब्रेक डिस्कचा, म्हणजे हबजवळच्या तबकडीला धरणारा; रिमशी त्याचं देणंघेणं नाही. चाक नखभर डुललं तरी त्या टायरच्या जाडीत कुणाच्या बापाला कळणार नाही. इथे तर फक्त बापालाच कळायला हवं होतं.

"खड्ड्यात दणका बसत नाही. तुझे नमुने हलायचे नाहीत," मास्तर कारणं मोजून दाखवायला लागले. "वाळूत रुतत नाही."

"मी वाळूत कशाला जाऊ, बाबा?"

"वेळ काय सांगून येते?"

बायकोने सायकल उचलून बघितली आणि सोडून दिली. "अहो, ही सायकल आहे की म्हैस? बॅटरी उतरली तर ही पोरगी चढावर ढकलणार कशी? नाकापेक्षा मोती जड."

मास्तर हट्टालाच पेटले. शेवटी मुलगीच म्हणाली, "असू दे आई. बाबांना त्यातलं कळतं." आणि तो विषय तिथे मिटला.

तारा विणलेलं तयार चाक विकत मिळत होतं. पण ते आऊटमास्तरांच्या दुकानात येणार? सुंभ जळला तरी पीळ जात नाही. पूर्वी हे काम दीड तासाचं. आता तार हबच्या भोकात जाईना, भोकाच्या आजूबाजूलाच टकटक करत राही. निपल बोटांतून निसटे, कपाटाखाली घरंगळे, आणि मास्तर दुखऱ्या गुडघ्यावर बसून ती शोधत. बायको दुपारी डबा घेऊन यायची ती दारातच थांबायची.

"मी धरू का?"

"नको."

आऊट बघायचा तर फिरत्या रिमजवळ खडू धरतात. जिथे चाक बाहेर येतं तिथे खडू उमटतो. मास्तरांनी खडू धरला, तर चाकाचा आऊट कुठला आणि हाताचा कुठला हेच कळेना. शेवटी त्यांनी खडू सुतळीने स्टँडला बांधला. बायकोने ते बघितलं आणि तिला जाड टायरचं कारण समजलं. ती डबा ठेवून निघून गेली. आपलेच दात, आपलेच ओठ. बोलणार कुणाला?

तीन आठवड्यांनी चाक उभं राहिलं. आऊट नखभर उरलाच. व्हॉल्व्हच्या बाजूला चाक बाहेर यायचं. तिथली तार कसली की समोरून डुलायचं. मास्तरांनी चार दिवस झगडून बघितलं आणि मग टायर चढवला, हवा भरली. दिसत नव्हतं. जसं ठरवलं होतं तसंच झालं होतं, आणि मास्तरांना रडू आलं. आऊट असलेलं चाक त्यांच्या दुकानातून पहिल्यांदाच बाहेर पडणार होतं, आणि तेही पोटच्या पोरीचं.

मुलगी खूश. "चढ कळतच नाही, बाबा." आठवडाभर हेच ऐकून मास्तरांनाही वाटलं, निभावलं बुवा.

गुरुवारी डॉक्टरांकडे जायचं होतं. मुलीला सांगितलं, आईचा दात दाखवायचाय. ती म्हणाली, "जा निवांत. मला दुपारी काम नाही, मी बसते दुकानात." डॉक्टरांनी गोळी वाढवली, आणि पुढच्या वेळी मुलीलाही घेऊन या म्हणाले.

शुक्रवारी सकाळी मुलीने सायकल बॅटरी चार्ज करायला दुकानात लावली आणि ती समोर चहा आणायला गेली. मास्तरांनी सवयीने मोटरचं मागचं चाक उचलून फिरवलं. बघतात तो काय, व्हॉल्व्हजवळ काहीच नाही. त्यांनी पुन्हा फिरवलं. मग दातांनी सुतळी ओढून खडू फ्रेमला बांधला, रिमला जेमतेम टेकवला, आणि चाक सोडलं. सबंध रिमवर एकसारखी बारीक पांढरी रेघ उमटली. कुठे तुटक नाही, कुठे जाड नाही. असं चाक त्यांच्या हातून शेवटचं कधी झालं होतं, त्यांना आठवेना.

निपलची चावी खिळ्यावरच होती, फक्त उलटी टांगलेली.

मास्तरांना भयंकर राग आला. कुणाचा, ते सांगता आलं नसतं. त्यांनी चावी घेतली. आपला नखभर आऊट आपल्याला परत हवा, एवढंच डोक्यात. एकच निपल अर्धा फेरा सैल करायची होती, बस. चावी निपलवर बसेना. तीनदा लावली, तीनदा घसरली, चौथ्यांदा हातातून पडली.

दारात मुलगी उभी होती, हातात दोन चहा. तिने कप फळीवर ठेवले, खाली वाकून चावी उचलली आणि खिळ्याला लावली. या वेळी सुलटी.

"काय बघत होता?"

"चाक." मास्तरांनी हात खिशात घातला. "सरळ आहे."

"हो."

"कुणी केलं?"

मुलीने त्यांच्याकडे बघितलंच नाही. फडक्याने रिमवरची खडूची रेघ पुसत म्हणाली, "तुम्हीच केलंय, बाबा."

नाही म्हणायचं तर खिशातला हात बाहेर काढावा लागणार होता. तेवढ्यात समोरच्या गल्लीतला दूधवाला पुढचं चाक काखेत मारून आला. चाक वाकून त्याचा पार आठ झाला होता.

"मास्तर, आऊट काढायचाय. तुमच्याशिवाय कोण करणार हे? कधी येऊ?"

मास्तरांचा हात खिशातून निघाला नाही. चाक मुलीनेच हातात घेतलं, एकदा फिरवून बघितलं, आणि भिंतीला टेकवून ठेवलं.

"सोमवारी या," ती म्हणाली. "बाबा करून ठेवतील."

लॅबला रविवारी सुट्टी असते. मास्तरांनी डाव्या हाताने चहा उचलला आणि तो निवेपर्यंत नुसता धरून ठेवला.