कावळ्याला दिलेला शब्द

दादाच्या दहाव्याला कावळा शिवेना. जेसल पार्कच्या खाडीकाठी आम्ही सकाळपासून उभे होतो. पिंड मांडून झाले होते, भटजी सारखे घड्याळ बघत होते आणि कावळे कठड्यावर निवांत बसून आमची मजा बघत होते. एरवी खिडकीत ठेवलेली पोळी डोळ्यांदेखत पळवणारी ही जात त्या दिवशी कडक उपास धरल्यासारखी बसली होती.

दादा माझा मोठा भाऊ. गिरगावातल्या खोल्या सोडून आम्ही दोघं इकडे आलो, त्याचा संसार जेसल पार्कला, माझा मीरा रोडला. एका संध्याकाळी तो ऑफिसातून आला, बूट काढायला खाली वाकला आणि उठलाच नाही. चाळिशीही गाठली नव्हती. त्याला मूलबाळ नव्हतं, म्हणून विधी माझ्याकडे आले. मला त्यातलं काही कळत नाही आणि पटतही नाही, पण त्याच्यासाठी एवढं करायला माझी ना नव्हती.

कावळा शिवला नाही की गेलेल्याची काहीतरी इच्छा राहिली असं धरतात. मग एकेक जण पुढे होऊन शब्द देतो. काकांनी सांगितलं, सुनेला उघड्यावर पडू देणार नाही. मीही सांगितलं, वहिनीला अंतर देणार नाही. कावळे ढिम्म. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला आणि माझं डोकं फिरलं. जन्मभर ज्याने कुणाकडे काही मागितलं नाही, तो आता सगळ्यांना उन्हात ताटकळत ठेवतोय, याचाच मला राग आला. मी मोठ्याने म्हणालो, "तुझ्या लॅपटॉपची मेमरी वाढवून देतो. मग तर झालं?"

दोघेतिघे हसले. तेवढ्यात एक कावळा उतरला आणि सरळ पिंडाला शिवला. कठड्याजवळ वहिनी बसली होती, तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली.

लॅपटॉपची गोष्ट अशी, की दादाच्या ऑफिसने तो मोडीत काढला आणि दादाने हौसेने घरी आणला. एखाद्या पाट्याएवढा जड. मेमरी फक्त आठ एमबी. बटण दाबलं की पडद्यावर आकडे मोजायचा, मग खरवडल्यासारखा आवाज करत बसायचा. उघडायला त्याला इतका वेळ लागायचा की वहिनी त्याला सवत म्हणायची, तीही म्हातारी सवत. दादा सोसायटीचा सेक्रेटरी होता. पाण्याच्या टाकीच्या नोटिसा, पार्किंगच्या तक्रारी, सगळं त्याच्यावर टाइप करायचा. "मेमरी वाढवली की बघ कसा पळतो," हे त्याचं दर रविवारचं वाक्य. पण त्या मॉडेलची मेमरी त्याच्यापुरतीच वेगळी बनवलेली, बाजारात सहजी न मिळणारी. ते राहूनच गेलं.

दहाव्यानंतर मी जो हसण्यावारी नेणारा माणूस, तो कावळ्यांना घाबरायला लागलो. गॅलरीच्या गजावर एखादा बसला की मी आत जायचो. ऑफिसात एखादं मशीन अडकलं की मागून दादा म्हणेल, काय झालं रे, असं वाटून मी वळून बघायचो. बायकोने दोनदा विचारलं, तब्येत बरी आहे ना. काय सांगणार?

वहिनीकडे एक दिवसाआड संध्याकाळी जायचो. त्या काळी आमच्याकडे दिवे जाणं हे रोजचंच. एकदा असेच आम्ही मेणबत्ती लावून बसलो होतो. दिवे आले आणि आतल्या खोलीत बीप वाजला. मग तो खरवडल्यासारखा आवाज. मी उठून दारात गेलो. रिकाम्या खोलीत दादाच्या टेबलावर लॅपटॉप उघडा होता आणि पडद्यावर आकडे वर वर चढत होते. वहिनी मागून अगदी साध्या आवाजात म्हणाली, बॅटरी मेलेली आहे त्याची, वायर लावलेली असते, दिवे आले की चालू होतो. खुलासा अगदी बरोबर होता. तरी मी त्या खोलीत पाऊल टाकलं नाही.

दुसऱ्याच दिवशी मी नया नगरमधल्या एका दुरुस्तीवाल्याला गाठलं. मॉडेल ऐकून त्याने हात जोडले. "इसमें क्यों पैसा डाल रहे हो साहब, नया ले लो ना." मी म्हटलं, भाई को बोला है. त्याने पुढे काही विचारलं नाही. मोडीतल्या मशीनमधून मेमरीची अशी पट्टी निघाली तर ठेवतो म्हणाला, आणि काही महिन्यांनी खरंच त्याचा फोन आला.

पट्टी खिशात घालून मी वहिनीकडे गेलो, तर तिचं डोकं दुखत होतं. पुढच्या वेळी तिला बाहेर जायचं होतं. त्याच्या पुढच्या वेळी म्हणाली, अमावास्या आहे, आज नको. माझा संयम तसाही बेताचा. मी आवाज चढवला की तुझ्यासमोर शब्द दिलाय, मला झोप नाही, कावळा दिसला की छाती धडधडते, आणि तू टाळतेस काय?

ती हातातल्या नॅपकिनची घडी करत राहिली.

"भाऊजी, इच्छा पुरी झाली की जातील ना ते," ती म्हणाली. "मग मी इथे एकटी काय करू?"

ज्याच्या धाकाने मी अर्धा झालो होतो, त्याच्याच सोबतीने ती दिवस काढत होती. दिवे आले की आत वाजणारा तो बीप तिला हवा होता. मी पट्टी घेऊन परत गेलो आणि पुन्हा विषय काढला नाही.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा तिनेच बोलावलं. रविवारची दुपार होती. म्हणाली, त्यांना असं अडकवून ठेवणं बरं नाही, आपल्या सोयीसाठी माणसाला किती धरून ठेवायचं. डोळे रडून झालेले दिसत होते. मी वायर काढली, लॅपटॉप उलटा केला, खालचं झाकण उघडलं आणि रिकाम्या खाचेत पट्टी दाबून बसवली. काम एवढंसंच. वहिनी म्हणाली, मी चहा टाकते, आणि स्वयंपाकघरात गेली.

वायर परत लावून मी बटण दाबलं. आकडे आठवर न थांबता सोळापर्यंत गेले. थोडासा आवाज झाला आणि पडदा समोर उघडला. दादा म्हणायचा तसाच पळाला. छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटून मी हाक मारली, "वहिनी, झालं."

ती दारात येऊन उभी राहिली. हातात अजून साखरेचा डबा होता.

"एवढ्यात उघडलं?"

"हो. बघ की."

तिने पडद्याकडे पाहिलंच नाही. "चहा होईपर्यंत वेळ लागायचा त्याला," ती म्हणाली. "तेवढा वेळ ते इथे दाराशी येऊन माझ्याशी बोलायचे. दिवसभराचं सगळं. एकदा उघडलं की मग त्यात डोकं घालून बसायचे."

साखरेचा डबा टेबलावर ठेवून तिने विचारलं, "ती पट्टी परत काढता येते का?"

येते, मी म्हणालो. पण काढायला माझा हात धजावला नाही, आणि तिनेही पुन्हा विचारलं नाही. चहा घेऊन मी निघालो. त्या दिवसानंतर त्या घरात मला कधीच भीती वाटली नाही, आणि तेच मला अजून सहन होत नाही.