कानाला लावल्याशिवाय

मिस्त्री रागावले की समजायचं, मशीन दुरुस्त होणार. सौंसरच्या बसस्टँडसमोर त्यांचं रेडिओ-टेपरेकॉर्डरचं दुकान होतं. तिथे गिऱ्हाइकाला 'या, बसा'च्या जागी पहिला प्रश्न यायचा, "खोललं कोनं हे?" खोटं बोलायची सोय नव्हती. स्क्रूच्या डोक्यावरचे ओरखडे पाहून ते घरातला गुन्हेगार ओळखत.

ऐंशीच्या दशकात आमच्याकडे घरोघरी टेपरेकॉर्डर आले, पाठोपाठ हेडफोन. हेडफोनची पिन जिथे खुपसतात त्या भोकाशी लोक काय काय करत! रामाकोन्याच्या एका शेतकऱ्याने पिन सहज जावी म्हणून त्यात चक्क खोबरेल तेल सोडलं. आत एक बारीक पत्ती असते. पिन घातली की ती सरकून स्पीकर बंद करते, पिन काढली की जागेवर येते. तेलावर धूळ बसून ती पत्ती चिकटली आणि स्पीकर मुका झाला. "स्पीकर जळला म्हनता? आता यात वांग्याची फोडनी तेवढी द्याची राहिली!" मिस्त्री गरजले. मग सुईने पत्ती उचलली, स्पिरिटने पुसली, आणि शेतकरी शिव्या खाऊन खुशीत घरी गेला.

त्यांची पद्धत ठरलेली. आधी मशीनला दुकानातला हेडफोन लावायचा. तो वाजला तर मशीन निर्दोष. मग गिऱ्हाइकाचा हेडफोन स्वतःच्या कानांवर चढवायचा आणि डोळे मिटून वायर बोटाबोटाने वाकवत जायची. जिथे खरखर झाली तिथे तार तुटलेली. "मीटर सांगते करंट हाय म्हनून. गानं बरोबर वाजून राहिलं का नाही, हे कानच सांगते," असं ते म्हणत. कानाला लावल्याशिवाय त्यांनी हेडफोन कधी परत दिला नाही.

मी तिथल्या शाळेत मास्तर. माझ्यावर तर ते हक्काने ओरडत. "पोरायले विज्ञान शिकवता अन् वायर वढून पिन काढता? लाज वाटत नाही?" मला त्या ओरडण्याची गोडी लागली होती.

बाबांना ऐकू कमी येई. संध्याकाळी हेडफोन लावून भजनाच्या कॅसेट ऐकायच्या, एवढंच त्यांचं सुख उरलं होतं. हेडफोनची एक बाजू गेली म्हणून मी तो मिस्त्रींकडे टाकला. आणायला बाबाही सोबत आले. मिस्त्री हेडफोन चढवून शेवटचं तपासत होते. बाबा पायरीवरच थबकले. आम्ही संत्र्याच्या बागांचे मालक, मिस्त्री बौद्ध.

"कानाले लावलं का रे तू?" बाबांनी चार गिऱ्हाइकांसमोर विचारलं. "मंग राहू दे आता तुह्याजवळच."

मिस्त्री ताडकन उठले. "तुमची संत्री माहा भाऊ तोडते. ते खाता ना तोंडानं? मंग कानालेच काय झालं?"

बाबांनी ऐकू न आल्यासारखं केलं आणि ते चालू लागले. मी खाली मान घालून त्यांच्या मागे निघालो.

महिनाभर बाबा मुक्या मशीनसमोर बसून होते. शेवटी मी दुकानात जाऊन नवाच हेडफोन मागितला. मिस्त्रींनी एक काढला, कानाला लावून तपासला आणि माझ्या हातात दिला.

"घेऊन जा, मास्तर. पन घरी खरं सांगा. मिस्त्रीनं कानाले लावून तपासला म्हना. पटलं तर आयकतीन, नाही तर नाही आयकतीन. खोटं नका सांगू."

मी कबूल झालो. त्यांच्यासमोर हेडफोन माझ्या कानाला लावलाही.

घरी नवा हेडफोन पाहून बाबांनी विचारलं, "त्यानं लावला काय?"

"नाही. मी त्याले आधीच बजावलं होतं."

बाबा पुन्हा भजन ऐकू लागले. वर बाजाराच्या दिवशी अभिमानाने सांगत सुटले, "माह्या पोरानं मिस्त्रीले बजावून ठेवलं." सौंसर केवढंसं! बोलणं बसस्टँडपर्यंत पोचायला दोन दिवसही लागले नसतील. मला बाबांचा राग आजही येतो. स्वतःचा त्याहून जास्त येतो. बाबा जे बोलले ते निदान तोंडावर बोलले. मी मात्र दोन्हीकडे गोड राहिलो.

पुढे माझा टेपरेकॉर्डर बिघडला. तो मी घरीच खोलून बसलो आणि स्क्रूची पार वाट लावली. मग तसाच, माझ्या हेडफोनसकट, उचलून मिस्त्रींकडे नेला. शिव्या खायची तयारी होती. खरं तर मला त्या हव्याच होत्या.

मिस्त्रींनी ते स्क्रू पाहिले. कोणी खोललं, हे विचारलं नाही. "बसा गुरुजी," एवढंच म्हणाले. मशीन दुरुस्त केलं, आपला हेडफोन लावून तपासलं. मग माझा हेडफोन दोन बोटांनी वायरीला धरून माझ्यापुढे केला.

"तुमीच लावून पाहा. मी नाही लावला."

दोन वर्षांनी दुकान उचलून ते नागपूरला गेले. त्या दोन वर्षांत मी चांगली धडधाकट मशीनं खोलून खोलून त्यांच्याकडे नेली. ते माझ्यावर एकदाही रागावले नाहीत.