निसीमभाऊच्या पिंपातलं पाणी

निसीमभाऊचं वरश्याला, रोह्याच्या रस्त्यावर टायर रिमोल्डचं दुकान, झिजलेले टायर खरवडून नवं रबर चढवायचं. ही माणसं ज्यू. त्याचा आजा तेलाचा घाणा चालवायचा आणि शनवार पाळून त्या दिवशी बंद ठेवायचा, म्हणून त्या घराला शनवारतेली म्हणायचे. धाकटा भाऊ सायमन इस्रायलला गेला. हा म्हणाला, "माझी गिऱ्हाइकं हितं हायत."

शहाण्णव साली आमच्या विहिरीला वास सुटला, रंगाचा डबा उघडल्यासारखा. केमिकल कंपनीचा नाला विहिरीला खेटून जातो, तरी कंपनी म्हणे आमचा संबंध नाय. मग काय आम्ही ओतलं?

निसीमभाऊ पंक्चर बघायचा त्या टबात खरवडलेल्या टायरचा भुसा पडायचा. त्याच्या ध्यानात आलं, पाणी त्याच विहिरीचं, पण टबात वास नाय. त्यानं भुसा सात पाण्यांनी धुतला, पिंपात भरला, खाली तोटी बसवली आणि पिंप आमच्या पडवीत ठेवलं. वरनं विहिरीचं पाणी ओतायचं, तोटीतनं बिनवासाचं घ्यायचं. "गिरजावयनी, रबर वास धरून ठेवतं येवढंच मला दिसतंय. बाकीचं ठाव नाय. नळ येईस्तोवर भागवा."

कंपनीनं नळ द्यायचा का नाय, ते सरकारी तपासणीवर ठरणार होतं. अर्ज निसीमभाऊचा, खेपाही त्याच्याच. आणि साहेब उगवला शनवारी! मला वाटलं, निसीमभाऊला त्याच्या शनवारात कशाला बोलवा.

साहेब पडवीत टेकला. विहीर पन्नास पावलांवर, पण उन्हात जाईना. बाटली माझ्या हातात दिली. "बाई, तुमच्या विहिरीचं पाणी भरून आणा." दारी आलेल्याच्या हातात घाण पाणी कसं द्यायचं? मी पिंपातलं भरलं, प्यायलाही तेच दिलं. विहिरीचंच ना ते.

महिन्यानं कागद आला. पाणी निर्दोष, नळ नामंजूर. मी कपाळ बडवून घेतलं. निसीमभाऊनं कोरा कागद पुढं ओढला. "बाटली भरायचा पगार त्याला मिळतो, वयनी, तुम्हाला नाय," म्हणाला आणि परत अर्ज लिहायला बसला.

साहेब पुन्हा आला, तो मंगळवारी. निसीमभाऊ दुकान टाकून आला. मी विहिरीतलं ताजं पाणी तांब्यात भरून पुढं धरलं. "घ्या साहेब. निर्दोष हाय, खाली तुमची सही हाय."

त्यानं तांब्या तोंडाशी नेला नि खाली ठेवला. म्हणतो कसा, "बाई, त्या दिवशीचं आणा ना. ते बरं होतं."

निसीमभाऊ उठून तोटीपुढं उभा राहिला. "ते माझ्या भुशाचं होतं. तुमची बाटली घ्या आणि विहिरीवर चला."

साहेब कोरड्या घशानं उन्हातनं निघाला. माझ्या दारातनं आजवर कुणी तहानलेला गेला नव्हता. तो गेला, आणि मला त्याची लाज वाटली नाय.