विकतची गुंडी

पुण्याहून निघालो तेव्हा पिशवीत दोन शर्ट, बायकोने बांधून दिलेल्या दशम्या आणि आदल्या संध्याकाळी खादी भांडारातून विकत घेतलेली सुताची एक गुंडी (लडी) होती. गुंडीला चिकटवलेली दुकानाची चिठ्ठी काही केल्या निघेना. दौंड येईपर्यंत मी ती नखाने खरवडत होतो. समोरच्या बाकावरचे गृहस्थ म्हणाले, "भेट द्यायची आहे वाटतं? म्हणजे किंमत दिसू नये."

"तसंच काहीतरी," मी म्हणालो.

खरी गोष्ट लाजिरवाणी आहे, पण सांगायला तर बसलोच आहे. देवळीपासून चार मैलांवर आमचं कॉलेज. ग्रामसेवेचं शिक्षण देणारं, चारी बाजूंनी कपाशीची शेतं असलेलं. तिथे प्रत्येकाला रोज सकाळी अर्धा तास सूत कातावं लागे. कॉलेज सुटलं तरी सूत सुटत नसे. पेटीचरखा घेऊनच प्रत्येकाने बाहेर पडायचं आणि दर वर्षी संक्रांतीपर्यंत स्वतः कातलेली एक गुंडी कॉलेजच्या विणकाराकडे, किसनबाबांकडे, पाठवायची. तुकडीतल्या सगळ्यांचं सूत एकत्र करून बाबा एक कापड विणत आणि त्या वर्षी ज्याच्या घरी लग्न, बारसं किंवा मयत होई त्याच्याकडे ते जाई. आमच्या तुकडीत आम्ही बावीस जण. कुणी गडचिरोलीला, कुणी नाशिकला, पण एकमेकांना धरून असे की सख्ख्या भावांनी बघत राहावं. माझ्या मुलीच्या बारशाला त्यातलंच दुपटं आलं होतं. वडील गेले तेव्हा उपरणं आलं.

आणि मी? पहिली दोन वर्षं इमानाने कातलं. मग नोकरी, बदली, मुलगी. चरखा माळ्यावर गेला आणि मी भांडारातून गुंडी आणून वर आपलं नाव लिहून पाठवू लागलो. अशी नऊ वर्षं. दर वर्षी बाबांचं पोस्टकार्ड येई, 'गुंडी पोचली'. दोनच शब्द. म्हातारा मोजकं लिहितो, असं मी समजत होतो.

यंदा वसंताचं पत्र आलं. वसंता म्हणजे माझा खोलीतला जोडीदार, आता नाचणगावात बी-बियाण्यांचं दुकान चालवतो. त्याने लिहिलं होतं, 'विणकामाच्या खोलीत आता कॉम्प्युटर येऊन राह्यले. माग उतरवणार. शेवटचं कापड बाबालेच द्यायचं ठरलं. सूत पोस्टानं धाडू नको, हातानं घेऊन ये.' पत्र वाचून मी चरखा माळ्यावरून काढला. त्याची माळ (चाक फिरवणारी दोरी) कुजून गेली होती. दुसरी बांधली तर धागा वीतभरही निघेना. दोन संध्याकाळी झटलो आणि तिसऱ्या संध्याकाळी निमूटपणे भांडारात गेलो.

सकाळी गाडीने वर्धा नदीचा पूल ओलांडला आणि पुलगावचं स्टेशन आलं. फेब्रुवारीचं ऊन अजून कोवळं होतं. वसंता फलाटावरच उभा होता, पोट सुटलेला, हातात मोबाइल.

"काऊन बे, केस कोठी ठेवून आला?" म्हणत त्याने मिठी मारली. मग पहिलाच प्रश्न, "सूत आणलं न?"

"आणलंय."

"बस्स. बाबा आठ दिवसांपासून तुलेच विचारून राह्यले."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं, पण मी पिशवीचा बंद घट्ट आवळला.

नाचणगावात वसंताच्या घरी वहिनींनी पाटोडीची भाजी केली होती. बेसनाच्या वड्या, वर बोटभर तेलाचा तवंग आणि सांबार (कोथिंबीर). बारा वर्षांत जिभेची सवय मोडली होती. पहिल्याच घासाला डोळ्यांतून पाणी आलं. वहिनी हसल्या, "पुण्याच्या भाऊजीले गुळाचा खडा द्या वो कोनी!" मी हसलो, पाणी प्यालो, पुन्हा वाढून घेतलं.

वसंता दुकान बंद करून मागून येणार होता, म्हणून मी एकटाच एस.टी.त बसलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वेचून झालेल्या पऱ्हाट्या (कपाशीची झाडं), मधूनच कुठे पळस पेटलेला. जिनिंगसमोर कापसाच्या गाड्या ओळीने उभ्या होत्या आणि गाडीवान त्या कापसावरच झोपले होते. गाडीने खड्डा घेतला तशी माझी पिशवी वरच्या फळीवरून खाली आली आणि गुंडी शेजारच्या म्हातारीच्या मांडीवर पडली. डोक्यावर पदर, हातात बाजारची थैली. तिने गुंडी उचलली, दोन बोटांत धागा चोळून पाहिला.

"सूत कोठी नेऊन राह्यले जी?"

"कॉलेजात. मी कातलंय," मी म्हणालो. कुणी विचारलं होतं का? पण जिभेला सवय लागलेली.

"तुमी?" तिने माझ्या हातांकडे पाहिलं. "लय एकसारखं निंगालं जी. आमची माय जलमभर कातत होती, पण तिले असं नाई जमलं कधी."

पुढे देवळीपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

देवळीहून ऑटोने कॉलेज. फाटक तेच, लिंबाची झाडं मात्र चांगलीच उंच झालेली. आमच्यातले बहुतेक सगळे आले होते. आष्टीचा मधुकर दुकान बंद ठेवून आला होता. प्रभा दोन लहान मुलांना घेऊन चंद्रपूरहून आली होती. एकाचा पाय प्लास्टरमध्ये होता, तरी आला. ज्यांना येता आलं नाही त्यांनी दुसऱ्याच्या हाती सूत दिलं होतं. मला पाहून एवढा आरडाओरडा झाला की शिपाई बाहेर आला. मिठ्या, धपाटे, 'अबे पुणेकर' म्हणून जुनी चेष्टा. या माणसांना बारा वर्षं भेटायला आलो नाही, याचं फार वाईट वाटलं.

विणकामाच्या खोलीसमोर बाजेवर किसनबाबा बसले होते. काचबिंदूने त्यांची नजर तीन वर्षांपूर्वीच गेली होती. आता माग त्यांची मुलगी शांताताई चालवत, त्यांची पोस्टकार्डंही त्याच लिहीत. एकेकाने जायचं, बाबांच्या हातात गुंडी द्यायची आणि गप्प राहायचं. बाबा धागा चाचपून नाव सांगत.

"हे मध्याचं. याची घाई नाई सुटली अजून. पाह्य ना, पीळ भरलाच नाई!"

सगळे हसले. पुढची गुंडी.

"प्रभाचं. लय जोड हायेत याच्यात. लेकरं बसू देत नाई न बाई?"

प्रभाने डोळे पुसले. मी रांगेत मागे मागे सरकत होतो. पळून जावं असं मनात आलं. पण एव्हाना येऊन पोचलेल्या वसंताने पाठीत ढकललं. बाबांनी माझी गुंडी घेतली, अंगठा एकदा फिरवला आणि थांबले. माझे कान तापले होते.

"हे आपल्या दिवाकरचं," बाबा म्हणाले.

टाळ्या पडल्या. मी वाकून पाया पडलो. खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. एवढा मुरलेला विणकार, तोही फसला, असं वाटून थोडी ऐटसुद्धा आली.

जेवायला गोळाभात (बेसनाचे गोळे घातलेला भात) होता, त्यावर हिंग-मोहरीचं कढत तेल. हात धुऊन उठतो तोच शांताताईंनी खुणेने बोलावलं. खोलीत माग उभा होता, कोपऱ्यात लोखंडी संदूक. त्यांनी ती उघडली आणि फडक्यात बांधलेलं गाठोडं माझ्यासमोर ठेवलं. आत नऊ गुंड्या. प्रत्येकीवर माझ्या अक्षरातली चिठ्ठी.

"बाबानं हे कधी विणलंच नाई, भाऊ."

"त्यांना कळलं कसं?" मी विचारलं.

"हाताले समजते जी. दुकानचं सूत एकसारखं राह्यते. अन् दुकानचं तुमचं एकट्याचंच येते."

म्हणजे मघाशी नाव ओळखलं ते यावरून. मी एकेक चिठ्ठी उलटून पाहिली. शेवटी विचारलं, "मग दर वर्षी कापड एकवीस जणांचंच होतं?"

"नाई. एकविसाचं विणलं तं एक जण घराबाहेर राह्यते, म्हणत बाबा. तुमच्या वाटचं ते सोताच कातत. कोनाले सांगतलं नाई." त्यांनी संदूक बंद केली. "औंदा हात कापते त्यायचे. मी कातते म्हणलं तं नाई म्हणे. तो येऊन राह्यला, तो आणीन."

सूत हातानं घेऊन ये, असं वसंताकडून लिहून घेतलं होतं ते बाबांनीच, हे आता कळलं. आणि मी दुकानची चिठ्ठी खरवडत आलो होतो.

बाबांपाशी गेलो. "बाबा, चुकलं माझं," म्हणालो आणि रडू आलं.

"मले सांगू नको. चरखा घे."

ताणा (मागावर लावायचे उभे धागे) संध्याकाळी पाचला धरायचा होता. मी चरखा घेऊन त्यांच्या बाजेपाशी बसलो. पेळूतून (पिंजलेल्या कापसाच्या वळीतून) धागा ओढायचा, तुटायचा. पुन्हा ओढायचा, पुन्हा तुटायचा. बाबांना दिसत नव्हतं, पण प्रत्येक वेळी धागा तुटला की त्यांची मान किंचित हले. मित्र लांबून पाहत होते. चार वाजता माझ्या चातीवर (चरख्याच्या सळईवर) लहान मुलाच्या मनगटाला बांधण्याइतकं सूत होतं.

"राहू दे," बाबा म्हणाले. "सुताले घाई चालत नाई. घरी जा, बैस, झालं की धाडजो."

"पण माग नसेल ना बाबा तेव्हा. विणणार कोण?"

"माग नाई, पन हात तं हायेत माह्ये. चाचपून पाहीन."

ताणा एकवीस जणांचाच धरला गेला; माझी यंदाची गुंडीही त्या गाठोड्यात गेली. मी रात्रीच्या गाडीने निघालो. वसंता स्टेशनवर आला, गाठोडं माझ्या पिशवीत नीट ठेवलं आणि इतकंच म्हणाला, "आता येत जाजो बे." त्याला केव्हापासून माहीत होतं कोण जाणे. विचारायचं धैर्य झालं नाही.

आठवड्याने त्याचं पत्र आलं. कापड बाबांच्या खांद्यावर घातलं. पन्हा (रुंदी) थोडा कमी भरला, पण बाबा खूश होते.

मी रोज पहाटे बसू लागलो. बायको म्हणे, आता कुठे विणणार हे? मी चाक फिरवत राही. फेब्रुवारीत धरलेली गुंडी श्रावणात पुरी झाली. जाडीभरडी, गाठींनी भरलेली. तोवर माग उतरला होता. तरी पाठवली. पोस्टमनची वाट पाहायला मी दुपारी ऑफिसातून घरी येऊ लागलो.

पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड आलं, शांताताईंच्या हातचं.

'सूत पोचलं. नाव न सांगता बाबाच्या हाती दिलं. लय वेळ चाचपून पाह्यलं त्यायनं. म्हणे, हातचं हाये, चांगलं हाये. पन कोनाचं ते समजत नाई.'