दुसऱ्या पृथ्वीची चौकशी

एकोणीसशे तीस सालानंतरची ही गोष्ट. लग्न होऊन मी कळसला आले, तेव्हा आमच्या वस्तीवर वाचता येणारी सून मी एकटीच होते. माहेर बारामतीचं, तिथं मराठी शाळा पुरी झालेली. सासऱ्यांना आम्ही आबा म्हणायचो. कालव्याच्या पाण्यावर त्यांचा ऊस होता. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण पुण्याहून टपालानं येणारं वर्तमानपत्र ते दुपारी माझ्याकडून वाचून घ्यायचे. सुनेनं सासऱ्यासमोर बसून मोठ्यानं वाचायचं, हे सासूबाईंना रुचायचं नाही. त्यांना मी आत्याबाई म्हणत असे. मी वाचायला बसले की त्या उठून परसात जायच्या.

एकदा वर्तमानपत्रात आलं होतं, की प्रत्येक तारा हा एक सूर्यच आहे आणि एखाद्याभोवती आपल्यासारखी पृथ्वी फिरत असेल का, याचा विद्वान लोक विचार करताहेत. आबांनी मला थांबवलं.

"तितं पानी हाय का?"

"ते नाही लिहिलं, आबा."

"मग काय लिव्हलं? पानी न्हाय तर मानूस ऱ्हाईल कसा?"

हा प्रश्न त्यांच्या डोक्यातून जाईना. पुढं थंडीत कळलं, की पुण्याचे एक प्रोफेसर दुर्बीण घेऊन बारामतीच्या शाळेत व्याख्यान द्यायला येणार आहेत. आबांनी माझ्या मालकांना गाडी जुंपायला सांगितली. मला म्हणाले, "सूनबाई, तू बी चल. मला नीट इचारता यायचं न्हाय." मी जाणार म्हणून आत्याबाईही निघाल्या. वाटभर गाडीत माझ्याकडं पाठ करून बसल्या.

दिवेलागणीला शाळेच्या पटांगणात माणसं जमली. पुढं पुरुष, कडेला आम्ही बायका. व्याख्यान संपलं तसे आबा उठले.

"माझ्या सुनंला काय तरी इचारायचं हाय."

सगळ्या माना वळल्या. कुणीतरी हसलं. आबा मात्र खाली बसेनात. मी उठेपर्यंत ते तसेच उभे राहिले. मग मी विचारलं, "माणसाला राहता येईल अशी दुसरी पृथ्वी असेल का? तिथं पाणी असेल का?"

प्रोफेसर हसले नाहीत. "पाणी हाच खरा प्रश्न आहे, बाई. ती पृथ्वी तिच्या सूर्याच्या फार जवळ असेल तर पाण्याची वाफ होणार, फार लांब असेल तर बर्फ. मधल्या पट्ट्यात असेल तरच आशा. पण अशी पृथ्वी अजून कुणालाच दिसलेली नाही. गुऱ्हाळाच्या जाळाशेजारचा काजवा इथून दिसेल का?"

"मग शोधायची कशी?" हे मात्र माझ्या तोंडून आपोआप निघालं.

ते बायकांकडं वळले. "मोठी बाई लहान पोरीबरोबर फुगडी घालते, तेव्हा कोण फिरतं?"

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. तेवढ्यात माझ्या मागून आत्याबाई म्हणाल्या, "पोरगी लई फिरती. पर मोठीबी हालतीच की जराशी."

"अगदी बरोबर! तारा म्हणजे ती मोठी बाई. तिचं हालणं मोजता आलं, तर न दिसणारी पोरगी आहे हे कळेल. पण इतकं बारीक मोजायचं साधन आज नाही. आपल्या हयातीत होईल असं वाटत नाही."

त्यांच्या हयातीत झालं नसावं. मी मात्र पार म्हातारी झाल्यावर वाचलं, की ताऱ्याचं हालणं मोजून खरंच ग्रह सापडले. तेव्हा आत्याबाई हव्या होत्या, असं फार वाटलं.

मग दुर्बिणीसमोर रांग लागली. नुसत्या डोळ्यांना सहाच दिसतात त्या कृत्तिकांवर दुर्बीण लावली होती. आत्याबाई डोळा लावून बसल्या त्या उठेचनात. मागची माणसं कुरकुरायला लागली. "अगं, ह्या सहा कुठल्या? मूठभर सांडल्यात की!" त्या माझा हात धरून म्हणाल्या. सासरी आल्यापासून त्यांनी माझा हात असा पहिल्यांदाच धरला होता.

त्या दिवशी आबा खाली बसले असते, तर मी उठले नसते, आणि पुढंही कधी कुठं उठले नसते. हे उपकार मी कधी त्यांना बोलून दाखवले नाहीत. घरात तशी रीत नव्हती.

पुढं माझी थोरली शाळेच्या वयाची झाली. पोरीला कशाला शाळा, असं भावकीत चाललं होतं. एक दिवस आत्याबाईंनी तिची वेणी घातली, ठेवणीतलं लुगडं नेसल्या आणि तिला घेऊन स्वतःच शाळेत गेल्या. मास्तरांना म्हणाल्या, "पोरगी लई इचारती. तुमी रागावू नगा."