ओल्या फळ्यांना लावलेलं तेल

दुपारचं जेवण करून द्वारकाबाई पडावातल्या बाजेवर आडव्या होतात. डोळा मिटलेला आहे, लागलेला नाही. खाडीला भरती येते आहे, त्यामुळे पडाव, म्हणजे त्यांची जुनी मालवाहू होडी, जरासा उचलला जातो आणि पुन्हा बसतो. सकाळी इसमाईल मिस्त्री टोच्या घेऊन लाकूड सगळीकडे टोचून बघून गेला आहे.

"वैनी, तळ अजून धड आहे. पण भिंती आणि छप्पर गेलं. एक फळी बदलायला जावं तर शेजारची हातात येते. संध्याकाळी येतो. दुरुस्त करायचं की मोडायचं, तुम्ही सांगा."

काय सांगणार? या पडावाने कौलं वाहिली, मीठ वाहिलं. पुढे ट्रक आले आणि माल मिळेना, तेव्हा द्वारकाबाईंच्या नवऱ्याने, सोनू तांडेलने, त्यावर फळ्यांच्या भिंती उभ्या केल्या आणि फळ्यांच्या छपरावर जुनं शीड ताणून घर केलं. तीस वर्षं दोघं या घरात राहिली. त्याला जाऊन आता सहा वर्षं झाली.

"अहो, तुम्ही असतात तर," त्या पुटपुटतात, आणि डोक्यावर हातोडा वाजतो.

ठक, ठक. मग जरा थांबून, ठक.

तिसरा घाव उशिरा घालायची खोड एकाच माणसाची. द्वारकाबाई बाजेवरच राहतात. शिडी चढून वर जाते ती द्वारका. तिचे गुडघे दुखत नाहीत. छपरावर तो मांडी घालून बसला आहे. धोतर वर खोचलेलं आणि तोंडात खिळे.

"खिळे दे गो."

"तोंडात भरलेत ते काय आहेत?"

"ते तिकडले. हितं ठोकले तर टिकत नाहीत."

"जेवलात का?"

"मेलेल्या माणसाला पण आधी हेच विचार तू."

ती हसते आणि खिळ्यांचा डबा उचलायला वाकते. डबा पांढऱ्या लोखंडी कपाटात आहे आणि कपाट इस्पितळात आहे, तो शेवटी होता त्याच खोलीत. खाटांवर माणसं नाहीत, फळ्या निजवल्या आहेत. एक नर्स प्रत्येक फळीला हात लावून नाडी बघत पुढे जाते आहे.

"बाई, बऱ्या होतील ना ह्या?" द्वारका विचारते. नर्स चादर ओढून फळीचं तोंड झाकते.

तो खिडकीत बसून खिळे निवडतो आहे. "वैशाखात पडाव वर ओढलास?"

तिला माहीत होतं, तो हेच विचारणार. दर वैशाखात पडाव काठावर ओढायचा, आतलं सामान बाहेर काढायचं, भिंतीच्या फळ्या उतरवून पंधरा दिवस उन्हात उभ्या करायच्या. तो रोज जाऊन एकेका फळीला गाल लावायचा. गालाला ओल लागेनाशी झाली की मगच काजूच्या टरफलाचं काळं तेल लावायचा.

"नाही ओढला."

"सहा वर्षांत एकदापण नाही?"

"पण तेल लावलं. दर साली, दोन दोन हात. विचारा मिस्त्रीला. हाताची सालं निघाली माझ्या."

"ओल्यावरच?"

दोघं आता पडावाच्या तळात कौलांच्या चळतींवर बसली आहेत, खाली पेंढा आहे, ती एकोणीस वर्षांची आहे आणि तो मात्र म्हातारा.

"फळ्या काढल्या असत्या तर तुमचा वास गेला असता," ती म्हणते.

"कसला वास?"

"विडीचा. घामाचा. उशाकडच्या फळ्यांना अजून येतो. मी तेलाखाली बंद करून ठेवलाय."

तो आधी मोठ्याने हसतो. मग वाकून फळीला नाक लावतो.

"द्वारके, हा माझा नाही गो. लाकूड कुजल्याचा आहे."

"तुमचाच आहे."

"माझा पहिल्या पावसातच गेला असेल."

"तुम्हाला काय ठाऊक? तुम्ही होतात कुठे?"

तो दोन बोटांनी एक खिळा ओढतो. भाकरीतून केस निघावा तसा तो निघून येतो.

"वाचेल का, तेवढं सांगा. मिस्त्री संध्याकाळी येणार आहे."

"आत कोंडलेलं पाणी सहा वर्षं बाहेर नाही पडलं. आता नवी फळी लावलीस तर ती पण त्याच वाटेने जाईल."

"मग मी जाऊ कुठे?"

"लेकीकडे."

"तिचं घर जमिनीवर. हलल्याशिवाय झोप लागत नाही मला."

"मला पण नाही लागत," तो म्हणतो.

हे ऐकून तिला रडू फुटतं, पण आवाज निघत नाही. तो फळीचं टोक तिच्या हातात देतो.

"परक्याच्या पहारीने नको. आपण बसवल्या, आपणच काढू. ओढ."

"मी नाही ओढणार."

"ओढ गो. मला आता जोर करता येत नाही."

ती डोळे मिटून ओढते.

द्वारकाबाई बाजेवर उठून बसलेल्या आहेत. मांडीवर हातभर लांब फळी आहे, पापडासारखी हलकी. बोटांत कुसळं रुतली आहेत, नखांत काळं भरलं आहे. उशाकडच्या भिंतीला भोक पडलं आहे आणि त्यातून खाडीचं पाणी लखलखताना दिसतं आहे. वारा थेट तोंडावर येतो आहे.

फळी नाकाशी नेऊन त्या हुंगत राहतात. चिखलाचा वास येतो, कुजल्याचा येतो. दुसरा कुठलाच येत नाही.

भोकाबाहेर होडी येऊन टेकते आणि इसमाईल मिस्त्रीचं डोकं आत डोकावतं.

"वैनी! ही फळी कोणी काढली?"

"आम्हीच काढली," द्वारकाबाई म्हणतात.

आणि शेजारच्या फळीला हात घालतात. ती काढायलाही जोर लागत नाही.