किड्याचा फोटो काढताना खाल्लेला मार

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी खडोलीच्या एका कारखान्यात सुपरवायझर होतो आणि स्वतःला फोटोग्राफर समजत होतो. हातभर लांब, सेकंडहँड टेलिफोटो लेन्स घेतली होती. तिचा फायदा असा की किड्याला न घाबरवता लांबून टिपता येतं. तोटा असा की फार जवळचं तिला नीट दिसत नाही. त्यासाठी लेन्समागे एक पोकळ नळी जोडावी लागते.

त्या रविवारी कारखान्यामागच्या गवतात मी पालथा पडलो होतो. समोर चार हातांवर प्रार्थनाकीटकाच्या मादीने जिवंत नाकतोडा धरलेला. तिने त्याचा एक डोळा खाल्ला, मग दुसरा. तो पाय झाडतोय, हिचे जबडे शांतपणे चालूच. एवढं पाहून घेतलं, कॅमेऱ्यावर आपटतो म्हणून चष्मा खिशात टाकला आणि अंदाजाने फोकस फिरवत खटाखट बटण दाबत सुटलो.

तेवढ्यात बरगडीत लाथ बसली.

"साहेब, कोनाचा फोटू काढू राह्यले?"

पाच-सहा जण होते, सगळे आमच्याच कारखान्यातले, धुळे-नंदुरबारकडचे. पलीकडे मोहाच्या झाडाखाली आणखी काही जणांसोबत युनियन काढायची त्यांची चोरून बैठक चालली होती. मालकाला नावं कळली असती तर सोमवारी सगळे गेटबाहेर.

"किड्याचा," मी म्हणालो.

"आमी किडे?"

याहून वाईट उत्तर मला आजही सुचत नाही. पहिल्या ठोशात पुढचा दात गेला. तोंड रक्ताने भरलं. मी लेन्स पोटाशी धरून बेडकासारखा आकसलो, त्यामुळे पाठ त्यांना आयतीच मिळाली. "मालकाचा चमचा!" म्हणत कोणीतरी त्याच पाठीवर काठी मोडली.

माझ्याच शिफ्टमधल्या एका ऑपरेटरने त्यांना आवरलं आणि माझी हनुवटी पकडली. "माझं तोंड आहे का रोलमध्ये? खरं बोला. दोन पोरी आहेत मला."

"आईशप्पथ नाही. तो बघ किडा!"

मादी उडून गेली होती. गवताच्या पात्यावर नाकतोड्याची एक तंगडी तेवढी लटकत होती. त्याने ती पाहिली, मग मला पाहिलं.

"सोडा रे. इतका येडा मानूस खबऱ्या नसतो."

सोमवारी मॅनेजरने माझं थोबाड पाहिलं. "कोणी मारलं? नावं सांगा, आजच काढतो."

"गांधीलमाश्या, सर. किड्याचे फोटो काढत होतो."

माश्यांनी दात पाडल्याचं त्याला पटलं नसावं. "रोल धुऊन आला की फोटो दाखवा," म्हणाला.

शुक्रवारी स्टुडिओतून पाकीट घेतलं आणि रस्त्यातच उघडलं. ती नळी जोडायलाच मी विसरलो होतो. प्रत्येक फोटोत पुढे हिरवा डाग आणि मागे मोहाखाली नऊ माणसं, मिशीचा केस न् केस स्पष्ट. मधोमध तो ऑपरेटर, हात उगारून बोलताना.

तसाच टोकरखाड्याला त्याच्या खोलीवर गेलो आणि सगळं पाकीट त्याच्या हातात दिलं. त्याने एकेक फोटो पाहिला. निगेटिव्ह स्टोव्हवर धरली. ती आक्रसली, टपटप गळाली. मग फोटो जाळले.

"मॅनेजरने पाह्यले?"

"नाही."

"आता परत शपथ घेऊ नका."

आणि कानाखाली अशी बसली की मी भिंतीवर आदळलो.

त्याची बायको किंचाळली, "अवो, साहेब आहेत ना ते!"

"म्हनून एकच मारली," तो म्हणाला.